मळकी तार

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मी पाण्यात पाहते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी 'अहो, पण तुमच्या घरचाच ना तो' असं म्हणायला नको. घरचा आहे म्हणून तर इतका पुरून उरला. बाहेरचा असता तर कधीच कडाकडा भांडून मी मोकळी झाले असते.

आमच्या संस्थेत त्याला सगळे 'एकमेव' म्हणतात. पाठीमागे, अर्थात. हा शब्द त्याच्या तोंडातून दर दोन वाक्यांनी बाहेर पडतो. आमची एकमेव प्रयोगशाळा, आमची एकमेव पद्धत, आणि या विषयातला एकमेव माणूस कोण ते तुम्ही ओळखायचं. कामही त्याला नावासारखंच मिळालं आहे. एका वेळी प्रकाशाचा एकच कण सोडणारा दिवा तयार करणं. फरक एवढाच, की तो दिवा त्याने केला असं जगाला वाटतं आणि उगवतो तो माझ्या भट्टीत.

भट्टी हा माझा शब्द. खरं म्हणजे ते हवा काढून घेतलेलं एक पोलादी पिंप आहे. आत एक चकती ठेवायची, तिच्यावर सोन्याचे थेंब, साध्या डोळ्यांना न दिसणारे. चकती तापवून हवी ती मूलद्रव्यं आत सोडली की प्रत्येक थेंबाखाली एक तार उभी राहते, शेतात पातं यावं तशी. ती उगवत असताना मध्येच क्षणभर मी एक मूलद्रव्य बदलते आणि लगेच पुन्हा पहिल्यावर येते. तारेच्या पोटात वेगळ्या पदार्थाची एक बारीकशी चकती अडकून बसते. तिला क्वांटम डॉट म्हणतात. आम्ही नुसतं ठिपका म्हणतो. मग तारेवर थर चढवत तिला टोकाकडे निमुळती करायची, म्हणजे ठिपक्यातला प्रकाश इकडेतिकडे न सांडता सरळ टोकातून बाहेर येतो. लेझरने डिवचलं की ठिपका एक कण सोडतो. पुन्हा डिवचल्याशिवाय दुसरा नाही. असा कण वाटेत कुणी चोरून पाहिला तर ते लपत नाही, म्हणून गुपितं पाठवणाऱ्या लोकांना हे दिवे हवे असतात.

कण खरंच एकटा आहे का, हे पाहायची रीत साधी आहे. प्रकाशाच्या वाटेत अर्धा प्रकाश परतवणारा आणि अर्धा आरपार सोडणारा आरसा ठेवायचा आणि दोन बाजूंना, कण आला की वाजणारे दोन डिटेक्टर. कण एकटा असेल तर तो एक तर इकडे जाईल नाही तर तिकडे. दोन्ही डिटेक्टर एकदम वाजणार नाहीत. किती वेळा एकदम वाजले त्याचा आलेख काढतात, आणि त्या आलेखाच्या मधोमध खड्डा पडायला हवा. खड्ड्याचा तळ शून्याला टेकला की तार चोख. तळ वरच राहिला, तर कुठून तरी भलताच प्रकाश घुसतो आहे असं समजायचं.

आमच्या पहिल्या तारेचा तळ वरच राहिला.

तेव्हा तो माझा मेहुणा नव्हता. आम्ही दोघं एकदमच संस्थेत लागलो होतो, दोघांच्याही नावामागे डॉक्टर लागलेलं, दोघं एकमेकांना अरेतुरे करणारे. मी तारा उगवायची, तो मोजायचा. तारा ज्या टाकीत हेलियमने गारठवतात, तिला काचेची एक खिडकी असते. त्या खिडकीशेजारी हवेच्या दाबाचं मीटर होतं आणि त्याच्यावर तांदळाच्या दाण्याएवढा एक तांबडा दिवा. मी सहज त्याच्यावर तळहात धरला, तर डिटेक्टरची फुकटची टिकटिक एकदम उतरली. हात काढला, पुन्हा सुरू.

'अरे, हा दिवा आहे. काळी टेप लाव याच्यावर आणि पुन्हा मोज,' मी म्हणाले.

'पुन्हा मोजायला वेळ कुठाय? लेख पाठवायचाय.'

'मग लेख थांबव.'

'आणि सांगू काय? दिवा झाकायचा राहिला?' तो हसला. 'तू उगवायचं बघ. मोजायचं माझ्यावर सोड.'

वजाबाकी करणं हा काही गुन्हा नाही. भलता प्रकाश किती आहे तो दर वेळी वेगळा मोजायचा आणि तेवढाच वजा करायचा, सगळेच करतात. याने मोजलाच नाही. खड्ड्याचा तळ शून्याला टेकेल इतका आकडा अंदाजाने धरला, वजा केला, आणि लेखात लिहून टाकलं की हा प्रकाश तारेतल्या मळामुळे येतो. स्वतःच्या टेबलावरच्या दिव्याचं खापर त्याने माझ्या तारेवर फोडलं. मी आरडाओरडा केला, तर लेखातून माझं नाव गेलं. मळक्या तारेचं श्रेय कशाला हवं तुला, असं वर मलाच ऐकवलं.

त्या शब्दाला पाय फुटले. संस्थेच्या उपाहारगृहात मी ट्रे घेऊन निघाले की कुणी तरी विचारायचं, 'काय, आज मळकी उगवली की धुतलेली?' माझ्या खोलीला लोक लाँड्री म्हणायला लागले. मी हसून घ्यायची. हसले नसते तर रडले असते, आणि ते मला त्यांच्यासमोर करायचं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, दुसरीकडे मोजून घ्यायची होती तार. डिटेक्टर संस्थेत एकाच खोलीत होते आणि ती खोली त्याची. तारा बाहेर पाठवायच्या तर त्याची सही लागायची. वर तक्रार केली तर ती मत मागवण्यासाठी फिरून त्याच्याकडेच यायची. तो मत द्यायचा. सविस्तर द्यायचा.

आणि अशातच तो आमच्या घरात शिरला. माझी धाकटी बहीण आमच्याच संस्थेत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. जेवायला माझ्या टेबलावर बसायची. तिथेच तिला तो दिसला आणि तिला तो आवडला. मी तिला त्या दिव्यापासून सगळं सांगितलं. 'ताई, तुझं त्याच्याशी पटत नाही म्हणून मी लग्न करू नको का?' असं तिने विचारल्यावर मी काय बोलणार? तिचं लग्न झालं आणि एका दिवसात तो 'अरे' चा 'जावईबापू' झाला. मला ताई म्हणायला लागला. 'ताई, तुम्ही थकलेल्या दिसता. ताई, तुमची भट्टी कशी आहे?' लोकांना वाटायचं, किती मान देतो. त्याच्या तोंडचं 'ताई' मला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

आईला मी सतरांदा समजावलं. ती एकच म्हणायची, 'अगं, एवढे सगळे शिकलेले लोक कसे खोटं बोलतील? असेल तुझ्या तारेत काही तरी.'

'आई, मळ असता तर तार सरळ उभी राहिली नसती.'

'बरं बाई, असेल तसं. पण जावयाशी जरा नीट वागत जा.'

असं बोलणं निघालं की धाकटी उठून भांडी आवरायला लागायची. नवरा आणि बहीण यांच्या कात्रीत सापडलेली बिचारी, असं मला वाटायचं. तिच्यासाठी मी कितीदा तरी विषय बदलला.

यंदा त्याने थेट माझ्या भट्टीवर हात घातला. संस्थेचं काम तपासायला बाहेरून एक समिती येणार होती. तिच्यापुढे त्याने प्रस्ताव ठेवला: तारा वर्षानुवर्षं मळक्याच निघत आहेत, त्या सुधारायच्या असतील तर उगवण्याची खोली आमच्या प्रयोगशाळेच्या ताब्यात द्या. म्हणजे त्याच्या. समितीसमोर तो एक ताजी तार मोजून दाखवणार होता. तार कशी मळकी, आणि त्याची एकमेव पद्धत तिला कशी निस्तरते, हे सगळं डोळ्यांदेखत. समितीने मान डोलावली की माझ्या खोलीच्या किल्ल्या त्याच्या खिशात. जी भट्टी मी एकेक नळी जोडून उभी केली, गळती शोधायला जिच्याभोवती गुडघ्यांवर रांगले, तिच्यात काय उगवायचं ते तो मला सांगणार.

प्रस्ताव वाचून मी आरडाओरडा केला नाही. माझ्या हातून असं सहसा होत नाही. मग मनाशी म्हटलं, आता याचं उट्टं काढायचंच. पण काढायचं ते स्वच्छ हातांनी.

वाईट तार देऊन त्याला तोंडघशी पाडणं मला अवघड नव्हतं. एकाऐवजी दोन ठिपके घातले असते की झालं. पण मग तो समितीला म्हणाला असता, पाहा, आम्ही काय सांगत होतो. मला नेमकं उलटं हवं होतं. त्याची ती वजाबाकी मला तोंडपाठ होती. लेखात एकदा छापलेला आकडा त्याने प्रोग्राममध्ये कायमचा बसवून टाकला होता, आणि त्याच्याकडे शिकून गेलेली सगळी पोरं तोच आकडा वापरत होती. तो तांबडा दिवाही अजून तिथेच होता. दिवा जेवढा भलता प्रकाश घालायचा तेवढाच आकडा काढून टाकायचा, म्हणून इतकी वर्षं सगळं जमून येत होतं. आता दिवा झाकला आणि आकडा तसाच राहिला, तर? तर शून्यातून वजाबाकी होणार. दोन्ही डिटेक्टर एकदम एकदाही वाजले नाहीत असं नव्हे, तर एकदाही नाही यापेक्षा कमी वेळा वाजले, असं त्याचाच पडदा सगळ्यांना सांगणार. कागदावर हे चालतं. जगात चालत नाही.

म्हणून मी जन्मात उगवली नव्हती इतकी चोख तार उगवली. मूलद्रव्य बदलताना मी श्वास रोखून बसले होते आणि मनात त्याचा चेहरा होता. आतापर्यंत कुठल्याही कामात मला इतकी गोडी लागली नव्हती.

समिती आली. मोजायच्या खोलीत काळे पडदे लावलेले, पंपाची घरघर, आणि जागा कमी म्हणून खुर्च्या अगदी टाकीला चिकटून. समितीच्या अध्यक्षबाई कमी बोलणाऱ्या होत्या. चष्मा कपाळावर ठेवून त्या जे समोर असेल ते नीट बघत. कॉम्प्युटरवर माझी धाकटी. त्याच्या प्रयोगशाळेचे सगळे प्रोग्राम तीच सांभाळते. तार मी आदल्या दिवशीच सुईच्या टोकाने उचलून टाकीत बसवली होती. तेवढं काम मात्र अजूनही 'ताईंनाच जमतं'.

एकमेवने छान भाषण केलं. त्यात मळ हा शब्द इतक्या वेळा आला की अध्यक्षबाईंनी रुमाल काढून हात पुसले. मग तो म्हणाला, 'ताई, तुम्हाला काही सांगायचंय?'

'सांगायचं काही नाही,' मी म्हणाले. 'एक विचारायचंय. त्या मीटरच्या दिव्यावर टेप लावू का?'

तो मोठ्याने हसला. 'आमच्या ताईंना टेपची फार हौस. अगदी पहिल्या दिवसापासून!' समितीतले दोघंतिघंही हसले. 'लावा, ताई. तेवढीच आमच्या दिव्याला विश्रांती.'

'नक्की लावू ना?'

'लावा हो.'

धाकटीने झटकन मान वर केली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, बिचारीला भीती वाटते आहे की मी आता इथे तमाशा करणार. मी खिशातून टेप काढली, बोटभर तुकडा फाडला आणि दिव्यावर चिकटवला. सगळ्यांच्या देखत, त्याच्या परवानगीने. मग मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

पडद्यावर आलेख भरायला लागला. आधी नुसती गर्दी, मग हळूहळू मधोमध खळगा. 'आता पाहा, मळ गाळला जातोय,' तो काठीने दाखवत म्हणाला. खळगा खोल झाला. शून्याच्या रेघेला टेकला. एकमेवने दोन्ही हात पसरले, जादूगार टोपीतून ससा काढल्यावर पसरतो तसे. त्याची पाठ पडद्याकडे होती, म्हणून खड्डा रेघेवर थांबला नाही हे त्याच्याआधी सगळ्यांनी पाहिलं.

'हे खाली कुठे चाललंय?' अध्यक्षबाईंनी विचारलं.

तो वळला. 'सुरुवातीला थोडं वरखाली होतं. स्थिरावेल.'

स्थिरावलंच. जसजसा वेळ गेला तसतशा कडा नीट झाल्या आणि खड्डा रेघेच्या खाली ठाण मांडून बसला. त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. कानशिलाजवळ घाम दिसायला लागला. मला आनंद झाला. आतून, अगदी पोटातून आनंद झाला, आणि तो लपवायचा मी काहीही प्रयत्न केला नाही. उपाहारगृहातलं एकेक हसू मला आठवत होतं आणि एकेक फिटत होतं.

'शून्याच्या खाली म्हणजे आम्ही काय समजायचं?' अध्यक्षबाई म्हणाल्या. 'दोन्ही डिटेक्टर एकदम वाजण्याची शक्यता उणे? हे असतं का कधी?'

'नाही... म्हणजे ही तार वेगळी आहे.' तो माझ्याकडे वळला आणि ताई, तुम्ही, सगळं गळून पडलं. 'काय घातलंयस गं तू हिच्यात?'

'काहीच नाही,' मी म्हणाले. 'तीच तर गंमत आहे.'

'वजाबाकी काढून दाखवा,' अध्यक्षबाईंनी धाकटीला सांगितलं. धाकटी हलली नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं तेव्हा तिने एक बटण दाबलं. आलेख वर सरकला आणि खड्ड्याचा तळ शून्याच्या रेघेवर अलगद येऊन बसला. काहीही वजा न करता.

'मळकी म्हणतात ती हीच का?' बाईंनी विचारलं. मग चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. 'आता टेप काढा आणि पुन्हा मोजा.'

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी टेप सोलून काढली. तांबडा दिवा पुन्हा लुकलुकायला लागला, आलेख पहिल्यापासून भरू लागला, आणि या वेळी खड्ड्याचा तळ वरच अडकला. इतकी वर्षं अडकायचा अगदी तिथेच. समितीतल्या सगळ्यांनी माना वळवून त्या दाण्याएवढ्या दिव्याकडे पाहिलं. कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

'म्हणजे तुमच्या त्या लेखातला आकडा...' अध्यक्षबाई त्याच्याकडे पाहत म्हणाल्या.

आणि मग त्याने ते केलं. मला त्याच्याकडून काय वाटेल ते अपेक्षित होतं, पण हे नव्हतं. त्याने काठी टेबलावर ठेवली आणि माझ्या बहिणीकडे बोट केलं.

'प्रोग्राम मी लिहिलेला नाही. हिने लिहिलाय. त्यात आकडा काय घातला, कुठून आणला, ते हिलाच विचारा. मी हिच्यावर विश्वास टाकला.'

माझं डोकं सणकलं. माझ्या तारेवर फोडून झालं, आता बायकोच्या डोक्यावर. मी भिंत सोडून पुढे आले. तिच्यासाठी मी त्याला त्या खोलीतच उभा फाडला असता. पण धाकटी खुर्चीतून उठली होती.

'हो, प्रोग्राम मी लिहिलाय,' ती म्हणाली. आवाज चिरका येत होता. 'आकडा यांनी सांगितला, मी टाइप केला. तो खोटा आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. ताई म्हणाली होती म्हणून मी एकदा स्वतः दिवा झाकून मोजून पाहिलं होतं. तार स्वच्छ होती.'

पुढचं सगळं माझ्या मनासारखं झालं. भट्टीचा प्रस्ताव बाईंनी तिथल्या तिथे बाजूला ठेवला. जुन्या लेखाची चौकशी होईल, तोवर ही खोली बंद, असं सांगितलं. दारातून जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तार सुरेख आहे म्हणाल्या. एकमेव खुर्चीवर बसून बुटांकडे बघत होता आणि कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. हे दृश्य मी किती वेळा मनात रंगवलं होतं! आता ते खरोखरच समोर होतं, आणि माझ्या कानात एकच शब्द वाजत होता. तेव्हाच.

मी माझ्या खोलीकडे आले. भट्टीच्या खोलीत जायच्या आधी कपडे बदलायची एक छोटी जागा आहे, बाक, खुंट्या आणि टोप्यांची पेटी. तिथे बसले. थोड्या वेळाने धाकटी आली आणि दारातच उभी राहिली.

'ताई.'

'कधी मोजलंस?'

'लग्न ठरायच्या आधी. तो कुठे तरी गेला होता तेव्हा.'

'आणि बोलली नाहीस.'

'बोलणार होते गं. आधी त्याला सांगितलं. तर तो रडला. म्हणाला, तू बोललीस तर मी संपलो. मग लग्न झालं. आणि मग कुठल्या तोंडाने बोलणार?'

'तो रडला म्हणून इतकी वर्षं मी मळकी.'

'मला वाटलं, तू सहन करशील.' तिने नाक पुसलं. 'तू कणखर आहेस ना. त्याच्यात तेवढं बळ नाहीये.'

मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरंच वाटली. कणखर! जेवताना मी तिच्यासाठी विषय बदलत होते आणि ती भांडी आवरत होती. तिला सगळं माहीत होतं आणि ती भांडी आवरत होती. त्याचा सूड मी वर्षानुवर्षं मनात घोळवला होता. तो कुठे चुकेल, त्याला कुठे गाठायचं, सगळं ठरलेलं होतं. हिच्यासाठी माझ्याकडे काहीच तयार नव्हतं. हिच्यावर रागवायचं कुठून सुरू करायचं तेही मला कळेना.

फोन वाजला. आई.

'अगं, जावईबापूंचं कसं झालं? ते फोन उचलत नाहीत. धाकटीही उचलत नाही.' मग आवाज खाली आला. 'तू काही बोलली नाहीस ना त्यांना? खरं सांग.'

मी फोन धाकटीपुढे धरला.

ती मागे सरकली. 'आत्ता नको ना, ताई. मी घरी जाऊन नीट सांगते तिला.'

'आत्ता सांग.'

'अगं, तिला किती लागेल ते! या वयात...'

'सहन करेल,' मी म्हणाले. 'कणखर आहे ती.'

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. अशी नजर मी आधी कधी तिच्या डोळ्यांत बघितली नव्हती. तिने फोन घेतला.

'आई, मी बोलतेय. ताई नाही काही बोलली. ताईची तार...' ती थांबली. 'ताईची तार चांगली होती. पहिल्यापासून चांगली होती.'

'म्हणजे काय गं?' आईचा आवाज मलाही ऐकू येत होता. 'तुला कुणी सांगितलं?'

धाकटी रडायला लागली आणि तिने फोन माझ्याकडे केला. मी हात मागे घेतले. पलीकडे आई 'हॅलो, हॅलो' करत होती. मी तशीच बाकावर बसून राहिले, आणि शेवटी धाकटीने फोन पुन्हा कानाला लावला.